निळ्या सीडीचं पाप कुंकवाच्या माथी

मी सीडी रंग पाहून निवडली.

पोळ्याच्या आधी बैलासाठी झूल निवडावी तशी – चमकते का, उठून दिसते का, बस्स. आणि त्या निवडीतून जे झालं ते मी दुसऱ्याच्या नावावर खपवलं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तोंडानेही कुणाजवळ बोललो नव्हतो – बायकोजवळ नाही, चहाच्या टपरीवर नाही, देवासमोर तर नाहीच, कारण तिथे खोटं बोलायची सोय नसते. आता लिहायला बसलो आहे तर सरळ लिहिणार. मध्ये दोन-चार पळवाटा लागतील. मला पळवाटा लांबूनच दिसतात, तो माझा एकमेव गुण. पण घेणार नाही.

माझ्या बाकीच्या चुका मोहाडीत सगळ्यांना पाठ आहेत, कारण मीच त्या सांगत फिरतो. एका बारशात कॅमेऱ्यात रोल नीट न अडकवताच मी अख्खं बारसं काढलं आणि वर आईबापांना सांगितलं की बाळ फार हलत होतं. एकदा मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकाचं शूटिंग घेताना चालू असलेला कॅमेरा बंद समजलो आणि बंद असलेला चालू. त्यामुळे माझ्याकडे नाटकाऐवजी माझ्याच चपलांचं चित्रीकरण आहे. चपलांनी बरं काम केलं आहे. हे किस्से मी रंगवून सांगतो, लोक हसतात, चहा पाजतात.

हा किस्सा मात्र मी कधी सांगितला नाही. का? यात हसण्यासारखं काही नाही म्हणून? तसंही नाही – हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या हसण्याच्या मागे एक बाई उभी आहे, आणि ती माझ्यामुळे उभी आहे.

मोहाडीत माझं दुकान आहे. आता तिथे आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो एवढंच चालतं. पण एके काळी – सीडी नवी होती तेव्हा, निदान आमच्याकडे तरी नवी होती तेव्हा – मी तालुक्यातला मोठा तज्ज्ञ होतो. लोक लग्नाचे फोटो, भजनाच्या कॅसेटी, नातवाच्या बोबड्या बोलाची टेप घेऊन यायचे आणि मी ते सगळं सीडीवर चढवून द्यायचो. दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘आठवणी जपा – शंभर वर्षं’. शंभर हा आकडा कुठून आणला विचाराल, तर पाटीवर तेवढीच जागा उरली होती.

कोऱ्या सीडी आणायला मी नागपूरला जायचो. ठोक मालाच्या दुकानदाराने मला पहिल्याच फेरीत एकच प्रश्न विचारला होता – सिनेमा भरून विकायचा आहे, की काही सांभाळून ठेवायचं आहे? सांभाळायचं असेल तर ही घ्या, म्हणून त्याने एक फिकट सोनेरी सीडी दाखवली. प्रत्येक सीडी आपापल्या डबीत, नवरीसारखी वेगळी बसवलेली. आणि भरून वाटायचं असेल तर ही – एका दांडीवर ओवलेली निळी-हिरवी चळत. तो समजावत होता. सीडीच्या पोटात एक पातळ रंग असतो, त्यावर यंत्र आपला मजकूर जाळून उमटवतं; हलक्या मालाचा रंग उजेडाने, उष्णतेने फिका पडतो, वरची चांदी सुटते. मी मान डोलावत होतो. न ऐकता मान डोलावणं ही माझी जुनी कला आहे.

मी निळी चळत उचलली. ती स्वस्त होती हे खरं, पण फक्त म्हणून नाही – इथे खरं लिहायचं ठरलं आहे. ती सोनेरी सीडी मला मेलेली वाटली. कळकट पितळी ताटलीसारखी. आणि निळी कशी, मोराच्या मानेसारखी! मनात मी सिद्धान्तही मांडला की जी जास्त चमकते तिच्यात जास्त ताकद असणार. गिऱ्हाइकांना तो मी शास्त्र म्हणून ऐकवायचो. सीडी खिडकीकडे धरायची, रंग नाचवून दाखवायचा आणि म्हणायचं, पाहा, माल पाहा. लोक पाहायचे. मीही पाहायचो. कुणालाच काही कळत नव्हतं, पण सगळ्यांना छान वाटत होतं.

आता राजूकडे येतो. येणं टाळत होतो, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

राजू माझा शाळेपासूनचा मित्र. घर आंधळगावला, नोकरी जवाहरनगरला. आठवडाभर क्वार्टरमध्ये, रविवारी गावी. गावी आईवडील आणि बायको – वनिता, म्हणजे माझी वनितावहिनी. राजूची आई सुगंधाबाई रोवण्याची गाणी म्हणायची. भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, पाणी भरल्या बांधीत रोवताना आमच्या झाडीपट्टीत बायका गातात, त्यात नवल नाही. पण एकीने ओळ फेकायची आणि बाकीच्यांनी झेलायची अशी ती रीत, आणि सगळं त्या फेकणारीवर असतं. सुगंधाबाईंनी ओळ फेकली की दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या बायकाही झेलायच्या. एरवी जी बाई दुपारीच घरी पळायची, ती त्यांच्या रांगेत दिवे लागेपर्यंत थांबायची.

राजूने एका वर्षी टेपरेकॉर्डर घेतला, धुऱ्यावर, शेताच्या कडेला, छत्री धरून बसला आणि आईची गाणी उतरवली. दोन कॅसेटी झाल्या. गाण्यासोबत बाकीचंही उतरलं – चिखलातून पाय ओढल्याचा आवाज, कुणी बैलांवर खेकसतोय, कुणाचं पोर रडतंय – आणि एका गाण्याच्या ऐन मध्यात सुगंधाबाई थांबून म्हणतात, “वनिते, ओळ सीदी धर. तुही वाकडी चालली.” मग बायकांचा हशा आणि लगेच पुढची ओळ, जणू काही झालंच नाही. ही ओळ म्हणजे रोवलेल्या पऱ्ह्यांची; वहिनी तेव्हा नवी सून होती. हातात पऱ्ह्यांची पेंडी धरता येत नव्हती तिला.

सुगंधाबाई एका हिवाळ्यात गेल्या. सवाशीण गेल्या. महिन्याभराने राजू दोन्ही कॅसेटी आणि फोटोंचं एक पाकीट घेऊन माझ्या दुकानात आला. म्हणाला, टिकेल अशा वस्तूवर घालून दे. अगदी हेच म्हणाला – टिकेल अशा. यात गैरसमजाला जागा होती का? मी पुष्कळदा शोधली. नव्हती.

मी ते निळ्या सीडींवर घातलं. दोन सीडी गाण्यांच्या, एक फोटोंची. लग्नसराई होती, गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून यंत्र होतं नव्हतं तेवढ्या वेगाने पळवलं. वर माझी खासियत – कागदाचं गोल स्टिकर, त्यावर सुगंधाबाईंचा हसरा फोटो, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते स्टिकर मी घरच्या गोंदाने चिकटवायचो. त्या गोंदाचा मला फार अभिमान होता. आणि काम झाल्यावर संगणकात जागा नाही म्हणून गाणी पुसून टाकली, कारण दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वरातीचं शूटिंग भरायचं होतं. ती वरात कुणाची होती हे आज मला आठवतही नाही.

राजूचे वडील केवळरामजी सीडी न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, आता या कॅसेटीचं काय करायचं? मी हसलो. म्हटलं, काका, कॅसेटीला बुरशी लागते, तिचं काम संपलं, आता हे शंभर वर्षं वाजते. पण बायकोचा आवाज कुणी उकिरड्यावर टाकतं का? भंगारवाल्याला देतं का? आमच्याकडे जे कचऱ्यात टाकवत नाही – देवाची जुनी तसबीर, फाटकी पोथी – ते पाण्यात शिरवतात. केवळरामजींनी त्या दोन कॅसेटी हिरव्या खणात बांधल्या आणि एका सकाळी आम्ही वैनगंगेवर गेलो. राजू, ते आणि मी. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी खण सोडला. तो जरा तरंगला, मग गेला. मी त्याचा फोटो काढला. चांगला आला आहे. कागदावर आहे, अजून शाबूत आहे.

त्यानंतर दरवर्षी त्यांच्याकडे एक रीतच पडली. रोवण्याच्या पहिल्या दिवशी बायका बांधीकडे निघण्याआधी अंगणात सीडी लावायची, सुगंधाबाईंचं एक गाणं ऐकायचं आणि मग निघायचं. सीडी काढायचं काम वहिनीचं. ती तिन्ही सीडी पाटावर मांडायची आणि सासूच्या कपाळाला कुंकू लावायची. सवाशीण गेलेल्या बाईचा चेहरा समोर असताना तो कोरा कोण ठेवणार? स्टिकर मी चिकटवलं होतं. चेहरा मी छापला होता. तिने फक्त चेहऱ्याला जे द्यायचं ते दिलं. मीही दोनदा गेलो होतो त्या सकाळी. ‘वनिते, ओळ सीदी धर’ आलं की सगळ्या बायका वहिनीकडे पाहून हसायच्या आणि वहिनी पदर तोंडावर घ्यायची. इतर जण गाणं ऐकायला थांबायचे. ती त्या एका वाक्यासाठी थांबायची.

आता पुढचं जरा हळू सांगतो, कारण खरा गुन्हा इथे आहे. खराब सीडी निवडणं ही मूर्खपणाची बाब झाली. मूर्खपणाचं मला काही वाटत नाही, तो माझा रोजचा धंदा आहे.

एका उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक परत आलं. लग्नाची सीडी चालत नाही. मी म्हटलं, तुमचा प्लेअर खराब आहे. आठवड्याने दुसरं आलं. त्याचाही प्लेअर खराब ठरवला. तिसऱ्याची सीडी मी ट्यूबलाइटसमोर धरली – आणि आरपार उजेड दिसला. चाळणी झाली होती. कडेला माझं स्टिकर सुटत होतं आणि सुटताना चांदीचा पापुद्रा सोबत नेत होतं. माझा अभिमानाचा गोंद! मी शटर अर्धं ओढलं, कपाटातून त्याच चळतीतल्या उरलेल्या सीडी काढल्या, एकेक उजेडात धरली. मला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं – आणि सगळ्यात आधी आंधळगाव आठवलं.

तेव्हा सुगंधाबाईंच्या सीडी चालत होत्या का? बहुतेक चालत होत्या. मोटारसायकल होती, रस्ता कोरडा होता, आंधळगाव काही परदेशात नाही. जायचं, सीडी मागायच्या, चांगल्या मालावर पुन्हा चढवायच्या, झालं असतं. मग गेलो का नाही? कारण गेलो असतो तर ‘का’ ते सांगावं लागलं असतं. त्या वैनगंगेच्या सकाळी मी किती हुशारीने हसलो होतो, ते सगळ्यांना आठवलं असतं. म्हणून मी गेलो नाही. वाट पाहत बसलो. कशाची? सीडीला माझी दया येण्याची?

रोवणा लागला आणि ते आले. राजू, केवळरामजी आणि मागे वहिनी – तिन्ही सीडी धुतल्या फडक्यात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून.

“चालून नाही राहिली, यार,” राजू म्हणाला. “तिन्ही नाही चालून राहिल्या.”

मी फडकं उघडलं. तीन सुगंधाबाई माझ्याकडे पाहून हसत होत्या आणि तिघींच्या कपाळावर वर्षानुवर्षांचं कुंकू थरावर थर बसलेलं. उजेडात धरून पाहायची मला गरजही नव्हती. तरी धरल्या. तज्ज्ञ होतो ना. आरपार दिसत होतं. आणि तेवढ्यात – मी शपथेवर सांगतो, आधी काही ठरवलेलं नव्हतं, पण न ठरवता जे तोंडून येतं तेच आपलं असतं – मी म्हणालो, “वहिनी, याले कुंकू लावलं का?”

“होय ना जी. दरसाल लावतो.”

“मंग तेच झालं. कुंकवात तेजाब रायते. ते आत उतरते अन् चांदी खाऊन टाकते.”

पुस्तकात वाचून सांगावं तसं सांगितलं. कुंकवात तेजाब! वर्षभर जे लाखो बाया कपाळाला लावतात, त्यात तेजाब! कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. तज्ज्ञ बोलत होता.

वहिनी एवढंच म्हणाली, “मले कोनी सांगतलंच नाही, भाऊजी.” आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, हो, मीच सांगायला हवं होतं. केवढा मोठेपणा पाहा माझा! खोटं तर बोललोच, वर माफीही मागितली – चुकीच्या गोष्टीची.

केवळरामजी स्टुलावर बसले होते. त्यांनी माझ्या हातातून सीडी घेतल्या आणि धोतराच्या सोग्याने एकेक पुसायला लागले. पुसल्यावर चालतील असं त्यांना वाटलं असावं. माझ्या दुकानात, ट्यूबलाइटखाली, त्या माणसाने आपल्या बायकोच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. तीनदा. वहिनी ते पाहत उभी होती. आणि मी तिच्याकडे न पाहता ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत होतो. ड्रॉवरमध्ये काही नव्हतं.

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. केवळरामजींनी देवपूजा सुनेकडून काढून आपल्याकडे घेतली, एवढंच. सुगंधाबाईंच्या भिंतीवरच्या तसबिरीला ते स्वतः कुंकू लावू लागले. गावात एक वाक्य तयार झालं – सुनेनं सासूचा आवाज पुसला. ते हळहळ म्हणून बोललं जायचं, हे त्याहून वाईट. वहिनीला सासूची सगळी गाणी येत होती; इतकी वर्षं त्याच रांगेत रोवत होती ती. बायका म्हणाल्या, आता तूच ओळ फेक. तिने नाही म्हटलं. ती रोवणा करायची, ओळ नाकासमोर सरळ धरायची आणि गप्प राहायची.

राजूने मला एकदा विचारलं, नागपूरला कुठे यातून काही काढून देतात का? मी म्हटलं, विचारतो. पंधरा दिवसांनी म्हटलं, विचारलं, नाही होत. मी विचारलंच नव्हतं. नागपूरच्या त्या दुकानदाराने सीडी हातात घेऊन कुंकवाबद्दल काय म्हटलं असतं, याची मला खात्री होती.

आणि मी त्यांच्याकडे जात राहिलो. दिवाळीला गेलो, मंडईला गेलो, वहिनीच्या हातचं जेवलो, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. स्वतःची समजूत मी पुष्कळ घातली. म्हणायचो, आता खरं सांगून काय होणार? आवाज परत येणार आहे का? नव्हताच येणार. पण तिचं नाव तरी तिला परत मिळालं असतं, ते कुठे बुडालं नव्हतं, ते मीच खिशात घालून फिरत होतो. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. न कळल्याचं सोंग मी आजवर पुष्कळ गोष्टींत केलं, इथे तेही जमलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात राजूच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घ्यायला गेलो होतो. पाहुणे बसले होते, मुलगी चहा घेऊन आली. कुणीतरी अंगठीची डबी वहिनीच्या हातात दिली, नीट ठेवा म्हणून. मुलगी हसत म्हणाली, “माह्या आईपाशी काही सांभाळाले देऊ नका जी. आजीचा आवाज कुंकवात घातला हिनं.”

सगळे हसले. मुलीच्या मनात काही वाकडं नव्हतं. लहानपणापासून ऐकत आलेली घरची गंमत ती सांगत होती. पण वहिनीही हसली. सवयीने, जशी आपण आपल्या टकलावर हसतो तशी हसली. मी कप खाली ठेवला. माझं खोटं आता पुढच्या पिढीत गेलं होतं. ते या मुलीसोबत सासरी जाणार होतं, तिथे कुणाकुणाला सांगितलं जाणार होतं. रस्त्यात मी गाडी थांबवली आणि स्वतःला सांगितलं – लग्नाच्या आधी. वऱ्हाड येण्याच्या आधी.

पळवाट लगेच दिसली. राजूला बाजूला घ्यायचं, दोन वाक्यांत सांगायचं, तो घरी सांगेल. मी ती पळवाट नीट पाहिली आणि सोडली. खोटं केवळरामजींच्या समोर बोललो होतो, तर खरंही त्यांच्याच समोर बोलायला हवं होतं. मांडवाच्या दिवशी दुपारी गेलो. गळ्यात कॅमेरा होता, सवयीने. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या चढत होत्या, एका कोपऱ्यात बायका तांदूळ निवडत होत्या, केवळरामजी खाटेवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि हळूच सुरुवात केली.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट राहिली नव्हती. केवळरामजींना आता ऐकू येत नाही.

“काय म्हनते?”

मी आवाज चढवला. “काका, ते कुंकवाचं –”

“आं?”

“कुंकवानं नाही बिगडली सीडी!”

त्यांना कुंकू एवढंच ऐकू आलं. खिन्नपणे मान हलवून ते म्हणाले, “हो बाप्पा. कुंकवानंच बिगडली.”

जी गोष्ट इतकी वर्षं पुटपुटायलाही घाबरलो, ती मला मांडवात उभं राहून बोंबलावी लागली. आणि इतकं बोंबलूनही ज्याच्यासाठी बोंबललो त्याला कळेना. बाकी सगळ्यांना कळलं. तांदूळ निवडणारे हात थांबले. डहाळ्या बांधणारा वरून खाली वाकला. हळदीचे हात पुसत वहिनी आतून आली. केवळरामजींना फक्त तिचं बोलणं कळतं – ती त्यांच्या डाव्या कानाशी बसून सावकाश बोलते. घरात सगळे म्हाताऱ्याशी तिच्यामार्फतच बोलतात.

“काय झालं, भाऊजी? काय सांगाचं आहे मामाजीले?”

मी तिला सांगितलं. नागपूर, निळी चळत, माझा गोंद, ट्यूबलाइट. तिने मध्ये टोकलं नाही. शेवटी फक्त विचारलं, “आमी दुकानात आलो, तेव्हा तुमाले माहीत होतं?”

“होतं.”

 ती खाटेच्या कडेवर बसली, सासऱ्याच्या कानाशी वाकली आणि माझं पाप त्यांना माझ्याऐवजी तिने सांगितलं.

“हे म्हनून राहिले, कुंकवानं नोहती बिगडली. सीडीच हलकी आनली होती यायनं. आपन दुकानात गेलो तेव्हा यायले माहीत होतं.”

तिने एक शब्द वाढवला नाही, एक शब्द गाळला नाही. केवळरामजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली – या वेळी ऐकून, समजून.  ते म्हणाले, “मंग कॅसेटी पान्यात शिरवू काहून देल्या?”

यावर माझ्यापाशी उत्तरं होती. कॅसेटीची बुरशी, तेव्हाचा जमाना, नागपूरचा दुकानदार. एकही दिलं नाही.

ते सुनेकडे वळले. “तू काहून नाही बोलली? इतके दिवस?”

“मलेच कुठं माहीत होतं, मामाजी,” ती म्हणाली. “मलेही वाटे, मीच पुसला.”

याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, ती मनातून जाणत असेल, निदान शंका घेत असेल, खोटा आळ सोसत असेल. पण ती आळ सोसत नव्हती. तिने तो खरा मानला होता. ज्या आवाजात तिचं नाव होतं तो आपल्याच बोटाने पुसला, असं समजून ती इतकी वर्षं त्या घरात वावरत होती.

राजू दारात उभा होता. तो केव्हा आला, मला कळलं नाही. तो माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोलत नाही. मुलगी आईकडे पाहत होती आणि तिच्या हातातली परडी तशीच होती. केवळरामजींनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले; ती तशीच वाकून बसली होती, कारण उठली असती तर हात खाली आला असता.

मी उठलो. चपला शोधल्या. मांडवाच्या बाहेर पाऊल टाकलं तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला, रोजच्यासारखाच, ना चढा ना पडका.

“भाऊजी, परवा जेवाले या. पन कॅमेरा आनू नका. आमी भंडाऱ्याचा फोटोवाला सांगतला आहे.”